पर्यावरणपूरक नॅनोक्रिस्टल आणि हायब्रिड सोलर सेल: खानदेशातून सारखे येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सोलरबद्दल जे मेसेज येतात त्यात तेच तेच प्रश्न फिरून येतात. काही शेतकऱ्यांचे, काही पॅनल बसवणाऱ्या पोरांचे, बरेचसे बीएस्सी-एमएस्सीच्या मुलामुलींचे. म्हणून सगळे एकत्र करून उत्तरं दिलीत. सोपे आधी, किचकट शेवटी. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. नॅनोक्रिस्टल म्हणजे नेमकं काय? पावडर असते का?

स्फटिकच असतो, फक्त फार लहान, काही नॅनोमीटरचा. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सोलरसाठी वापरतात ते कण बहुतेक ४ ते १० नॅनोमीटरचे असतात, म्हणजे एका कणात काही हजार अणू. एवढ्या लहान आकारात पदार्थ वेगळा वागायला लागतो, आकार कमीजास्त केला की तो कोणता रंग शोषणार हेच बदलतं, आणि यालाच क्वांटम डॉट म्हणतात. याच शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रुस आणि मुंगी बावेंडी यांना मिळालं.

लॅबमध्ये ते सहसा कोरड्या पावडरीत ठेवत नाहीत, टोल्युईनसारख्या द्रवात तरंगत ठेवतात. बाटलीत बघितलं तर गडद तपकिरी शाई वाटते. ही शाई काचेवर ओतून काच गरगर फिरवली की पातळ थर बसतो.

२. आमच्याकडे हायब्रिड सोलर आहे, बॅटरीवाला. हा तोच का?

नाही. तुमच्याकडे आहे तो हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा. इथं हायब्रिड म्हणजे सेलच्या आतच दोन जातीचे पदार्थ: एक सेंद्रिय (वीज वाहणारं प्लास्टिक, म्हणजे पॉलिमर) आणि एक असेंद्रिय (नॅनोक्रिस्टल).

दोन्ही का लागतात ते सांगतो. पॉलिमरवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा (होल) अशी जोडी तयार होते पण ती एकमेकांना घट्ट धरून असते आणि जेमतेम १० नॅनोमीटर सरकते, तेवढ्यात फुटली नाही तर ऊर्जा वाया. म्हणून प्रत्येक ठिकाणी १० नॅनोमीटरच्या आत दुसरा पदार्थ हवा जो इलेक्ट्रॉन खेचून घेईल. नॅनोक्रिस्टल ते काम करतात, वर स्वतःही ऊन शोषतात. २००२ मध्ये बर्कलीच्या पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाने पी३एचटी नावाच्या पॉलिमरमध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या बारीक नॅनोकाड्या मिसळून १.७ टक्के एफिशियन्सी (पडलेल्या उन्हातली किती टक्के ऊर्जा वीज होते तो आकडा) दाखवली, तिथून या विषयाला खरा जोर आला. आता काही सेलमध्ये मिसळण्याऐवजी थरावर थर देतात, नॅनोक्रिस्टलचा एक, पॉलिमरचा एक, तरी नाव हायब्रिडच.

३. सिलिकॉन पॅनल चांगलं चाललंय ना, मग हे नवीन कशाला?

चांगलंच चाललंय, त्यात वाद नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. पण सिलिकॉन १,४०० अंशांच्या वर वितळवावं लागतं, भरपूर वीज जाते. आणि ते ऊन जरा आळशीपणे शोषतं म्हणून वेफर, म्हणजे सिलिकॉनची चकती, साधारण १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) जाड लागते. चांगल्या नॅनोक्रिस्टलचा थर ३० नॅनोमीटर असला तरी बरंच काम होतं, म्हणजे पाच हजार पट पातळ, आणि तो शंभर-सव्वाशे अंशांवर बनतो. म्हणून वाकणाऱ्या प्लास्टिकवर, हलक्या शीटवर तो देता येईल. ज्या पत्र्याच्या शेडवर जड काच चढत नाही तिथं हे फार उपयोगी पडेल. सिलिकॉनला हटवण्यापेक्षा जिथं सिलिकॉन पोचत नाही तिथं जाण्यासाठी हे आहे असं माझं मत.

४. "पर्यावरणपूरक" का म्हणतात? आधीच्यात असं काय विष होतं?

आधीचे जे सगळ्यात चांगले चालले ते कॅडमियम सेलेनाइड, कॅडमियम टेल्युराइड आणि लेड सल्फाइड. म्हणजे कॅडमियम आणि शिसं. कॅडमियम शरीरात गेलं की किडनीत वर्षानुवर्षं साठतं, हाडं ठिसूळ करतं. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीत खाणीतून कॅडमियम गेलं, तेच पाणी भातशेतीला, आणि बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानं मोडायची. 'इताई-इताई' नाव पडलं त्या आजाराला, १९६८ मध्ये जपान सरकारनं कारण मान्य केलं. शिशाचं नुकसान लहान मुलांच्या मेंदूला जास्त.

तापीकाठचा विचार करा. रावेर-यावल-चोपड्याचा केळीपट्टा सगळा भूजलावर. तिथं शेतात लाखो वाकणारी शीट पसरायची आणि त्यात शिसं ठेवायचं, हे मला तरी पटत नाही. युरोपच्या रोह्स नियमात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का आणि शिशाची ०.१ टक्का आहे. कायमस्वरूपी बसवलेल्या सोलर पॅनलना त्यात सूट आहे, पण अंगावर घालायच्या किंवा घरातल्या छोट्या उपकरणात सेल बसवायचा तर ती सूट मिळत नाही.

५. मग त्यांच्या जागी काय वापरतात?

सध्या सगळ्यात पुढे आहे तो सिल्व्हर बिस्मथ सल्फाइड. बिस्मथ आवर्तसारणीत शिशाच्या अगदी शेजारी, जड धातू असूनही विषारीपणा फार कमी, पोटाच्या औषधांत त्याचे क्षार वापरतात. २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या इक्फो संस्थेत गेरासिमोस कॉन्स्टँटाटोस यांच्या गटानं याचा ६.३ टक्क्यांचा सेल दाखवला. मग २०२२ मध्ये त्याच गटाला कळलं की स्फटिकात चांदी आणि बिस्मथचे अणू गटागटानं बसलेले असतात, ते हलक्या उष्णतेनं नीट मिसळले की ऊन शोषण्याची ताकद खूप वाढते. मग थर फक्त ३० नॅनोमीटरचा ठेवला आणि एफिशियन्सी ९ टक्क्यांच्या वर गेली. पदार्थ तोच, फक्त अणूंची मांडणी बदलली, आणि मला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

बाकीचे थोडक्यात. कॉपर इंडियम सल्फाइड: चांगला, पण इंडियम दुर्मिळ. सीझेडटीएस म्हणजे तांबं, जस्त, कथील आणि गंधक: सगळं स्वस्त आणि मुबलक, पण आत दोष फार राहतात कारण तांबं आणि जस्त आकारानं जवळजवळ सारखे, एकमेकांच्या जागा घेतात. बिस्मथ सल्फाइड: बनवायला सोपा, शिकायला उत्तम (प्रश्न १३). पायराइट म्हणजे आयर्न सल्फाइड: कागदावर सगळ्यात स्वस्त, प्रत्यक्षात व्होल्टेजच येत नाही, माझी त्यावर फारशी आशा नाही. झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड हे ऊन शोषायला नसतात, इलेक्ट्रॉन वाहून न्यायला असतात.

६. फक्त ९ टक्के? बाजारात २२ टक्क्यांचं पॅनल मिळतं की!

बरोबर आहे आणि यात अजून एक गोष्ट लक्षात घ्या, हे ९ टक्के करंगळीच्या नखापेक्षाही लहान सेलवर मोजलेले असतात. मोठं केलं की कुठं थर जाड, कुठं पातळ, कुठं छिद्र, आणि आकडा खाली येतो.

मग कमी का पडतं? कणाभोवती बनवतानाच ओलेइक ॲसिडच्या लांब साखळ्या चिकटलेल्या असतात, सरकीभोवती कापसाचे तंतू असतात तशा. त्यांच्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत, पण वीजही एका कणातून दुसऱ्यात जात नाही. म्हणून थर दिल्यावर त्या काढून जागी आयोडाइडसारखे आखूड काहीतरी बसवतात, याला लिगंड एक्स्चेंज म्हणतात. हे अर्धवट झालं की पृष्ठभागावर उघडे अणू राहतात, तिथं इलेक्ट्रॉन अडकतो आणि संपतो. बहुतेक टक्के इथंच जातात. एकाच शोषक पदार्थाच्या (एका जोडणीच्या) सेलची सैद्धांतिक कमाल साधारण ३३ टक्के आहे, म्हणजे जागा भरपूर आहे.

७. त्यात चांदी आहे म्हणता, मग जळगावच्या सराफ बाजाराच्या भावात परवडेल का?

हिशोब करून बघू. एक चौरस मीटर, थर ३० नॅनोमीटर, म्हणजे घनफळ ०.०३ घन सेंटिमीटर. घनता ७ धरली तर वजन ०.२१ ग्रॅम. त्यात चांदीचा वाटा वजनानं साधारण २८ टक्के, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या आसपास. एवढीच.

खरी चांदी जाते मागच्या इलेक्ट्रोडला, म्हणजे सेलमधून वीज बाहेर नेणाऱ्या थराला. लॅबमधल्या सेलवर मागून चांदीचा थर देतात, तो १०० नॅनोमीटर धरला तर चौरस मीटरला एक ग्रॅम होतो, म्हणजे स्फटिकापेक्षा सोळा-सतरा पट जास्त. त्यामुळे स्वस्त करायचं तर आधी हा इलेक्ट्रोड कार्बनचा वगैरे करावा लागेल. सिलिकॉन सेलवरच्या त्या बारीक रेघा पण चांदीच्या पेस्टच्याच असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

८. आमच्याकडचं ऊन झेपेल का? मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर जातं.

ऊन आणि उष्णता वेगळ्या धरा. सोलरला ऊन हवं, उष्णता नको. पॅनलवर लिहिलेले वॉट हे सेल २५ अंशांवर असतानाचे. मे महिन्यात दुपारी सेल ६५ अंशांवर जातो, सिलिकॉन दर अंशाला साधारण ०.३५ टक्का गमावतं, म्हणजे ४० अंशांना १४ टक्के कमी. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या थंड स्वच्छ दिवशी मीटर मेपेक्षा चांगलं पळतं, ते बिघाड नाही.

नॅनोक्रिस्टलचा असेंद्रिय भाग या उष्णतेत तसा टिकतो. अडचण सेंद्रिय थराची. पॉलिमरला अल्ट्राव्हायोलेट, ऑक्सिजन आणि ओल तिन्ही मिळून खातात, आणि आपल्याकडे मे नंतर लगेच जूनची दमट हवा. बाजारातल्या पॅनलना आयईसी ६१२१५ नावाची परीक्षा असते, त्यात ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास ठेवतात, शिवाय उणे ४० ते ८५ अंश असे २०० फेरे. हायब्रिड सेलबद्दल कोणी दावा केला की पहिलं हेच विचारा, पास झालंय का.

९. केळीच्या सालीपासून क्वांटम डॉट बनतात असा व्हिडिओ पाहिला. आपल्याकडे साली तर ढिगानं. धंदा होईल का?

बनतात, हे खरं आहे. साल पाण्याबरोबर बंद भांड्यात दाबाखाली १५०-२०० अंशांवर काही तास तापवली की कार्बन डॉट तयार होतात. गाळून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की निळं चमकतं. बिनविषारी, स्वस्त, मुलांना दाखवायला फार छान.

पण सोलरचा मुख्य शोषक म्हणून ते चालत नाहीत. ते जास्त करून अल्ट्राव्हायोलेट आणि निळा प्रकाश घेतात, लाल आणि इन्फ्रारेड सोडून देतात, आणि उन्हातली बरीच ऊर्जा तिकडेच आहे. दुसऱ्या सेलमध्ये मदतनीस थर म्हणून वापरायचे प्रयत्न होतात, तेवढं ठीक. दर वेळची साल वेगळी, त्यामुळे कणही दर वेळी वेगळे निघतात. तर केळी उत्पादक भावांनो, सालीच्या सोलरवर आत्ता पैसा घालू नका. धागा, खत, बायोगॅस यांना तरी आज गिऱ्हाईक आहे.

१०. दुकानदार "नॅनो सोलर पॅनल" म्हणून जास्त पैसे मागतोय. घेऊ का?

माझ्या पाहण्यात आलेली अशी पॅनल साधी सिलिकॉनचीच होती, काचेवर धूळ कमी बसावी म्हणून नॅनो कोटिंग. कोटिंग वाईट नाही पण त्यानं सेल नॅनोक्रिस्टलचा होत नाही. मागचं स्टिकर वाचा. मोनो, पर्क, टॉपकॉन असलं काही लिहिलं असेल तर ते सिलिकॉन. नॅनोक्रिस्टल हायब्रिड पॅनल आज घराच्या छतासाठी दुकानात मिळत नाही.

११. हाई नॅनो पॅनल आमना घरवर कवय लागी? थांबू का तोवर?

थांबू नका दादा. तारीख सांगण्यासारखं अजून काही नाही, आणि छतावरचं ऊन रोज वाया चाललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला एकूण ७८,००० रुपये सबसिडी ठरवलीय, त्यासाठी पॅनल देशी बनावटीचं लागतं. अर्ज करण्याआधी पोर्टलवर चालू रक्कम बघून घ्या.

१२. पेरोव्स्काइटचं नाव फार ऐकतो. तेही यातच येतं का? त्यात शिसं असतं ना?

जवळचं नातं आहे. पेरोव्स्काइटमध्ये सेंद्रिय आणि असेंद्रिय घटक एकाच स्फटिकात असतात म्हणून त्यालाही हायब्रिड म्हणतात. २००९ मध्ये ३.८ टक्क्यांवर होतं, आज २५ च्या वर, एवढी झेप दुसऱ्या कोणत्याच पदार्थानं घेतली नाही.

आणि हो, त्यात शिसं असतं. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात चौरस मीटरला साधारण पाऊण ग्रॅम. आकडा लहान वाटतो, आणि सिलिकॉन पॅनलच्या पट्ट्यांच्या सोल्डरमध्येही शिसं असतं हे खरं. पण सोल्डरमधलं शिसं धातू आहे, पेरोव्स्काइटमधलं मिठासारखं पाण्यात सुटतं. काच फुटली आणि पाऊस लागला तर ते वाहून जातं, म्हणून ग्रॅम सारखे असले तरी धोका सारखा नाही. कथील वापरून शिसं टाळतात, पण कथील हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं आणि सेल बिघडतो. म्हणूनच लोक बिस्मथकडे वळले (प्रश्न ५).

१३. एमएस्सीला यावर प्रोजेक्ट करायचाय. कॉलेजमध्ये ग्लोव्ह बॉक्स (हवा-ओल आत न येऊ देणारी बंद पेटी) नाही. काय करता येईल?

ताई, बिस्मथ सल्फाइड आणि सिलार पद्धत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये ही पद्धत खूप वापरली गेलीय, चार बीकर आणि धीर एवढंच भांडवल. पहिल्या बीकरमध्ये बिस्मथ नायट्रेट, दुसऱ्यात डिस्टिल्ड वॉटर, तिसऱ्यात सोडियम सल्फाइड, चौथ्यात पुन्हा वॉटर. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेली वीजवाहक काच क्रमानं बुडवायची. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फिकट पिवळट, मग विटकरी, मग तपकिरी होत जाते, आणि रंग एकसारखा चढतोय का हे डोळ्यानंच दिसतं. एका कडेला रंग गडद होत असेल तर काच तिरकी बुडतेय किंवा धुणं कमी पडतंय.

दोन गोष्टी सांभाळा. बिस्मथ नायट्रेट नुसत्या पाण्यात टाकलं तर पांढरा गाळ होतो, म्हणून ॲसेटिक ॲसिड किंवा ट्रायइथेनॉलअमाइन लागतं. आणि हे फार महत्त्वाचं, काम झाल्यावर पहिला आणि तिसरा बीकर एकाच बेसिनमध्ये कधीही ओतू नका, ॲसिड आणि सल्फाइड भेटले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सडक्या अंड्याचा वास, आणि प्रमाण वाढलं की वासच येईनासा होतो, तेव्हाच तो जिवावर बेततो. दोन्ही कचरे वेगळ्या लेबलच्या बाटल्यांत ठेवा.

वर पी३एचटीचा थर दिला की हायब्रिड सेल झाला. पी३एचटी महाग असतं, अगदी थोडं मागवा. आकडा एक टक्क्याच्या खाली आला तरी लाज नाही, फेऱ्या आणि करंट यांचा आलेख नीट काढला तर तो चांगला प्रोजेक्ट आहे.

१४. गारपिटीत पॅनल फुटलं तर काय करायचं? बांधावर टाकलं तर चालतं का?

नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात सोलर पॅनल आणि सेल आहेत, आणि तयार करणाऱ्या कंपनीनं असा कचरा साठवून ठेवण्याची जबाबदारी घ्यायची आहे. त्यामुळे बसवणाऱ्याला किंवा कंपनीला कळवा आणि भंगारवाल्याला तुकडे करून देऊ नका.

फुटलेलं पॅनल लगेच हाताळू नका. काच जाळीसारखी तडकलेली असली तरी उन्हात ते वीज देतच असतं, ओल्या हातानं करंट बसतो. कापडानं झाका, इन्व्हर्टरकडचा डीसी स्विच बंद करा, बाकीचं फिटरवर सोडा.

१५. पेपरमध्ये "ग्रीन" लिहिलं म्हणजे सगळं बिनविषारी ना?

इथं नीट बघावं लागतं. पदार्थात शिसं-कॅडमियम नसलं तरी तो बनवताना काय वापरलं हे वेगळं. सीझेडटीएस जातीच्या सेलनं आयबीएमकडे १२.६ टक्के गाठले, पण ती शाई हायड्रॅझिनमध्ये बनवली होती, आणि हायड्रॅझिन विषारीही आहे आणि स्फोटकही. शिवाय अशा बहुतेक सेलमध्ये वरचा एक पातळ थर कॅडमियम सल्फाइडचाच असतो. म्हणजे मुख्य पदार्थ स्वच्छ आणि शेजारी कॅडमियम. सिल्व्हर बिस्मथ सल्फाइडच्या सुरुवातीच्या कृतीतही गंधकासाठी महाग आणि घातक रसायन होतं, पुढे साध्या खोलीच्या तापमानाला, उघड्या हवेत तो बनवायची कृती आली, एफिशियन्सी थोडी कमी पण माझ्या मते तीच खरी प्रगती. पेपर वाचताना तीन जागा बघा: गंधकाचा स्रोत, धुण्याचं सॉल्व्हंट, आणि प्रत्येक थराचं नाव.

१६. शिसं नाही, कॅडमियम नाही, सॉल्व्हंट पण साधं. तरी धोका राहतो असं कधी होतं?

होतं. इंडियम फॉस्फाइड हे कॅडमियमला पर्याय म्हणून येतं, पण त्याची धूळ श्वासात जाणं कॅन्सरच्या दृष्टीनं धोक्याचं मानलंय, जागतिक कॅन्सर संस्थेच्या यादीत ते "बहुधा कॅन्सरकारक" गटात आहे. चांदीचे सुटे आयन पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना आणि माशांना मारक. सिल्व्हर बिस्मथ सल्फाइडमध्ये चांदी गंधकाला घट्ट बांधलेली असते म्हणून फार कमी सुटते, पण मागच्या इलेक्ट्रोडची चांदी (प्रश्न ७) उघडी पडली तर तो हिशोब वेगळा. आणि कोणताही नॅनो कण कोरड्या धुळीच्या रूपात फुप्फुसात खोल जाऊ शकतो, म्हणून शाई सांडली तर वाळू देऊ नका, ओली असतानाच टिश्यूनं टिपून बंद डब्यात टाका. काचेवर पक्का बसलेला थर हाताळताना ही भीती नाही, तो खरवडताना आहे.